गळ्याची बिडी

"आप्पा, भाईर या. आधी भाईर या तुम्ही. आज एकतर तुमच्या पोराचा गळा धरते, न्हायतर माझी म्हैस आणून तुमच्या सोप्यात बांधते. मग बसा तिच्याकडं बघत."

शेजारची आक्का आमच्या परड्याच्या भिंतीवरून ओरडत होती. भिंत छातीएवढी, आक्का भिंतीहून बरीच उंच, आणि हातात रिकामी चरवी. अजून धड उजाडलंही नव्हतं. मी परड्यात घोंगड्यावर मांडी घालून, डोळे मिटून, मांडीवर तंबोरा आडवा टाकून खर्ज लावत बसलो होतो. खर्ज म्हणजे आवाजाची सगळ्यात खालची पायरी. गवयी लोक पहाटे उठून त्या पायरीवर निवांत बसतात, म्हणजे दिवसभर वरच्या पायऱ्या चढायला दम राहतो. मी बसलो की पायरीच खचायची.

आप्पा, म्हणजे माझे वडील, तोंडातली राखुंडी थुंकून बाहेर आले.

"काय झालं आक्का?"

"म्हैस पान्हा सोडंना झालीया. ह्यो हिकडं घुमाय लागला की ती तिकडं चारी पाय ताठ करतीया. बघा." तिनं चरवी पालथी केली. दूध नाहीच, आत बसलेली एक माशी तेवढी उडून गेली. "मला वाटलं, ह्याचा आवाज ऐकून तिला रेडा आल्यागत वाटत आसंल. पर रेडा आला आसता तर निदान खूश तरी झाली आसती."

आक्काचं दूध मोटारअड्ड्यावरच्या चहाच्या हॉटेलात जायचं. ते बंद झाल्यावर हॉटेलवाल्यानं गिऱ्हाइकांना काळा चहा द्यायला सुरुवात केली. काळा चहा पिऊन ड्रायव्हर चिडले, चिडून मोटारी जोरात हाकू लागले, आणि त्या महिन्यात निपाणीहून कोल्हापूरला माणसं वेळेच्या आधी पोचू लागली. हे सगळं माझ्या खर्जामुळं. गावात एवढी उलथापालथ एका गवयानं केल्याचं मी तरी दुसरं उदाहरण ऐकलेलं नाही.

"थोडं दिस कळ काढ आक्का," आप्पा म्हणाले. "सोमवारपासनं त्यो मामाच्या वखारीत जाणार. तितल्या तंबाखूच्या धुळीत गळा आपोआप मिटतोय."

"जाणार का न्हाय, ते शनवारी ठरणार," मी डोळे न उघडता म्हणालो. डोळे उघडले असते तर आप्पांचं तोंड दिसलं असतं.

गोष्ट अशी होती. दिवाळीनंतर बेळगावात एका संगीत नाटक कंपनीचा तंबू पडला होता. त्यांचा गाणारा नट घर सोडून संन्यासी झाला, असं कुणी म्हणे; कुणी म्हणे घरी परत जाऊन संसारी झाला. कसंही असो, मालकाला गाणारा माणूस हवा होता आणि शनिवारी तो आवाज ऐकणार होता. आप्पांनी माझ्याशी सरळ करार केला होता. "घेतलं तर जा. मी आडवा येत न्हाय. न्हाय घेतलं तर सोमवारी वखार, आन् परत तंबोऱ्याला हात लावायचा न्हाय." ज्यांनी निपाणीची तंबाखूची वखार आतून पाहिली आहे त्यांना त्या कराराचं वजन सांगायला नको. ज्यांनी पाहिली नाही त्यांनी एवढंच समजावं की तिथं आत गेलेला माणूस आधी शिंकतो, मग खोकतो, आणि मग त्याला त्यातच बरं वाटू लागतं.

माझा आवाज मोठा होता. हे मी गर्वानं सांगत नाही, तक्रारीनं सांगतो. मी तवंदीच्या घाटाखाली उभा राहून आलाप घेतला की वरून येणारी बैलगाडी मोटारीला वाट द्यावी तशी कडेला व्हायची. पण त्या आवाजात गोडी म्हणून नव्हती. गाताना माझ्या मानेच्या शिरा मोटेच्या नाड्यासारख्या ताणायच्या, जबडा कुलूप लावल्यासारखा घट्ट व्हायचा, डोळे कपाळात जायचे. आमचा न्हावी म्हणायचा, "तू गाऊन आलास की तासभर तुझ्या मानंला वस्तरा लावत न्हाय. कुठली शीर कधी खाली बसंल नेम न्हाय." सूर गळ्यात चिंचेच्या आकड्यासारखा अडकून बसायचा, आणि मी त्याला मागून ढकलत राहायचो.

तो गळा मोकळा करण्यासाठी मी मास्तरांकडं जात होतो.

मास्तर म्हैसूरकडचे. एका फुटलेल्या कानडी नाटक कंपनीबरोबर श्रावणात निपाणीत आले होते. कंपनीतले बाकीचे पांगले, मास्तर देवळामागच्या खोलीत राहिले. किडकिडीत अंग, कपाळावर गंध, आणि स्वभावानं इतके अदबशीर की दारातल्या मांजरालाही बहुवचनानं हाकलायचे. त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. मला कानडी येत होतं. निदान बाजारात मी ते बोलायचो आणि लोक मला माल द्यायचे, म्हणजे येतच असलं पाहिजे. पण आमच्या मुलखातल्या कानडीला आदर दाखवायचा तर मागं 'री' लावावा लागतो. 'या' म्हणायला 'बर्री', 'जा' म्हणायला 'होग्री'. मास्तरांचं कानडी म्हैसूरचं, बिनशेपटीचं. 'बन्नी', 'होगी', असं ते हळूच, जीभ पोळू नये अशा बेतानं बोलायचे. माझ्या पदरी निम्मं पडायचं. उरलेलं निम्मं मी स्वतःच्या हुशारीनं भरून काढायचो, आणि माझा घात तिथंच झाला.

पहिल्या दिवशी त्यांनी मला चक्क जांभया द्यायला लावल्या. मग खांदे फिरवायला लावले, जीभ हनुवटीवर लोंबती सोडायला लावली, आणि ओठ मिटून, दमलेल्या घोड्यासारखे फुर्र फुर्र फुरफुरवायला लावले. हे गाणं आहे की गुरांचा दवाखाना, असा मला प्रश्न पडला, पण गुरू म्हणतील ते करायचं. मग म्हणाले, आता ओठ मिटून नुसतं गुणगुणा, 'म्म्म'. हनुवटी सैल, मान सैल. मी गुणगुणलो. शिरा वर आल्या. मास्तरांनी दोन बोटं अलगद माझ्या गळ्यावर टेकवली, आणि अत्यंत मायेनं म्हणाले, "बिडी."

मी डोळे उघडले.

"बायि बिडी," ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्या तोंडाकडं बोट केलं. मग गळ्याकडं. "गंटलु बिडी." मग छातीवरून हात बाहेर नेत म्हणाले, "उसिरु बिडी."

बायि म्हणजे तोंड, गंटलु म्हणजे गळा, उसिरु म्हणजे श्वास. एवढं कानडी मला येत होतं. आणि बिडी म्हणजे काय, हे निपाणीच्या माणसाला कुणी शिकवायची गरज आहे का? आमच्या गावात पोर बोलायला लागतं तेव्हा आईच्या खालोखाल तोच शब्द शिकतं. तोंडात बिडी, गळ्यात बिडी, मग श्वासाबरोबर बाहेर. एवढी स्वच्छ, क्रमवार शिकवण मला शाळेतसुद्धा कुणी दिली नव्हती.

मी खिशातून बिड्यांचा कट्टा काढून अदबीनं त्यांच्यापुढं धरला. मास्तर दचकून मागं सरकले आणि "बेड, बेड," म्हणाले. बेड म्हणजे नको. तेव्हा मी ताडलं, की औषध वैद्यानं घ्यायचं नसतं, रोग्यानं घ्यायचं असतं.

त्या दिवसापासून मी नेमानं बिडी सुरू केली. त्याआधी मी ओढत नव्हतो असं नाही, पण चोरून ओढत होतो. आता साधना म्हणून ओढू लागलो. खर्जाआधी एक, खर्जानंतर एक, आणि मध्ये आवाज चिरला तर एक. गुरूंसमोर ओढणं बरं दिसत नाही म्हणून देवळाच्या वळणावर उभा राहून ओढायचो आणि मग आत जायचो. मास्तरांना वास आला नसेल का? निपाणीत ज्याच्या अंगाला तंबाखूचा वास येत नाही त्यालाच लोक वळून बघतात. मामाच्या वखारीत जाऊन मी गळ्याला मानवेल असा माल निवडून आणला. मामा खूश झाला. त्याला वाटलं भाचा धंद्यात लक्ष घालतोय.

आणि गुण येऊ लागला हो. माझा खर्ज दिवसेंदिवस खाली उतरू लागला. आधी तो आडातून आल्यासारखा वाटायचा, मग आडाच्या तळातून, मग गाळातून. मी बेहद्द खूश. मास्तर मात्र खिन्न. ते गळ्यावर बोटं टेकवत आणि रोज आधीपेक्षा जास्त कळवळून "बिडी, बिडी," म्हणत. मी मान डोलवून बाहेर जाई आणि त्यांची आज्ञा पाळून परत येई. इतका आज्ञाधारक शिष्य आणि इतका दुःखी गुरू एका खोलीत पुन्हा जमले नसतील.

शनिवारी मी सर्व्हिस मोटारीनं बेळगावला निघालो. शेजारी वडगावचा एक विणकर बसला होता, मांडीवर लुगड्यांचं गाठोडं घेऊन. संकेश्वर मागं पडल्यावर मी गळा तापवायला सुरुवात केली. आधी जांभया. पाचोळा आत जाईल एवढं तोंड उघडून मी बसलो.

विणकरानं बराच वेळ बघितलं आणि हळूच विचारलं, "पावणं, जबडा निखळला का?"

तोंड उघडंच असल्यानं मला नीट उत्तर देता आलं नाही. त्याला ते उत्तर 'होय' वाटलं. "भिऊ नगा. वडगावात आमच्या चुलत्याला बसवता येतंय. मी बघितलंय कसं करतेत," असं म्हणून त्यानं दोन्ही अंगठे माझ्या तोंडात घातले. माणूस सज्जन होता, पण त्याच्या अंगठ्यांना सुताच्या खळीची चव होती. मी कसाबसा सुटलो आणि दुसरा प्रकार धरला, ओठ फुरफुरवण्याचा. फुर्र, फुर्र, फुर्र. त्यावर ड्रायव्हरनं गाडी थांबवली. खाली उतरून मोटारीचं झाकण उघडलं, आत डोकं घातलं, पाणी ओतलं, परत बसला. मी परत फुरफुरलो. तो परत उतरला. काकतीपर्यंत त्यानं मोटारीच्या पोटातलं जे जे म्हणून सुटं होत होतं ते सुटं करून बघितलं. शेवटी विणकर म्हणाला, "अण्णा, गाडी बरी हाय. ह्ये माझ्या शेजारचं बिघडलंय."

कंपनीचा तंबू मोठा होता. मालक एका पेटाऱ्यावर बसले होते, बाजूला पेटीवाला. मालक म्हणजे जाडजूड, शांत माणूस, म्हैसूरपासून नागपूरपर्यंत ज्यानं तंबू मारले होते असा. माझ्या आधीचे दोघं गाऊन गेले. त्यांचं मी ऐकलंच नाही, मी मनात वखार बघत होतो. तागाच्या थैल्या, तराजू, आणि तराजूमागं बसलेला, नाकाला धडपा बांधलेला मी.

"म्हणा," मालक म्हणाले.

"आधी गळा तापवतो."

"तापवा."

मी जांभया दिल्या. मालकांनी पाहिलं. मी जीभ लोंबवली, खांदे फिरवले, घोड्यासारखा फुरफुरलो. मालकांनी मान हलवली, हे त्यांना पटलेलं दिसलं. पेटीवाल्याच्या कानात ते म्हणाले, "पोरगं कुणा जाणत्याकडं शिकलंय." मी ते ऐकलं आणि माझी छाती एवढी फुगली की सदऱ्याचं बटण तुटून पेटीच्या पट्ट्यांत गेलं. आता फक्त शेवटचा, मुख्य भाग राहिला होता. मी खिशातून बिडी काढली, तोंडात धरली आणि काडी ओढली.

कापडी तंबूत काडी ओढू नये, हे मला त्या दिवसापासून कळतं. काडी पेटली न पेटली तोच मागून दोन गडी धावले आणि आगीसाठी भरून ठेवलेली बादली माझ्या डोक्यावर उपडी केली. मी बिडीसकट भिजलो.

"ह्ये काय केलंत?" मालकांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली.

"रियाज," मी म्हणालो.

"बिडीचा?"

"गुरूंची आज्ञा आहे. ते म्हैसूरकडचे. रोज सांगतात, बायि बिडी, गंटलु बिडी, उसिरु बिडी."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं, पेटीवाल्याकडं पाहिलं, आणि त्यांचं पोट हलायला लागलं. मग खांदे, मग पेटारा. पेटीवाला भात्यावर आडवा झाला, त्यामुळं पेटीही आपोआप हसली. बऱ्याच वेळानं डोळे पुसत मालक म्हणाले, "अहो, बिडी म्हणजे सोडा. तुमच्याकडं बिड्री म्हणतात बघा, तेच. बायि बिडी, म्हणजे तोंड मोकळं सोडा. गळा सोडा. श्वास सोडा. कशाला धरून बसलाय, सोडा. दुसरं काही नाही त्यात. 'असू द्या, जाऊ द्या' म्हणायलासुद्धा ते लोक बिडीच म्हणतात."

बिड्री. हा शब्द मी रोज बाजारात ऐकत होतो, बोलत होतो. नुसत्या एका 'री'साठी मी स्वतःच्या नरड्याचं धुराडं करून घेतलं होतं.

"आता म्हणा," मालक म्हणाले.

मी म्हटलं. म्हणजे तोंड उघडलं. खर्ज लागला, तो लागतच होता, पण तिथून वर जायला जिनाच उरला नव्हता. आवाज मधल्या पट्टीत आला आणि फाटला, जुन्या धोतरासारखा, या काठापासून त्या काठापर्यंत. मी सोडू म्हटलं तितका गळा धरत गेला. कारण समोर मालक, त्यांच्यामागं वखार, आणि वखारीच्या दारात आप्पा. एवढी माणसं बघत असताना काय सुटतंय?

"दवंडीला घ्यायचा का?" पेटीवाल्यानं विचारलं.

"दवंडीवाल्यालाही शब्द कळावे लागतात," मालक म्हणाले. मग माझ्याकडं वळून, वाईट वाटत असल्यासारखं, "आवाज मोठा आहे तुमचा. पण यंदा नाही जमायचं. धूर निघून जाऊ दे."

रात्रीच्या जेवणाच्या वेळी मी घरी पोचलो. आप्पांनी माझ्या आखडलेल्या सदऱ्याकडं बघितलं. ताटात भाकरी वाढायला सांगितली, आणि जेवण होता होता म्हणाले, "मामाला निरोप धाडलाय. सोमवारी लौकर बोलावलंय." मी 'बरं' म्हणालो. तंबोरा उचलून माळ्यावर ठेवला. रविवारी दिवसभर मी बिडीला हात लावला नाही. गावात बिडी न ओढता मी एकटाच बसलो होतो, म्हणून दोघंतिघं तब्येत विचारून गेले.

सोमवारी सवयीनं जाग आली. उजाडायचं होतं. परड्यात जाऊन घोंगड्यावर बसलो, कारण दुसरं काय करायचं ते माहीत नव्हतं. तंबोरा नव्हता. मालक नव्हता. कुणाला काही दाखवायचं नव्हतं. मला जांभई आली, साधी, झोपेची, खरी जांभई. हनुवटी आपोआप खाली गेली, खांदे पडले, आणि जांभईच्या शेपटीला धरून आतून एक बारीक 'म्म्म' आला. मी काही केलं नाही. तो आला. ओठांना मुंग्या आल्या, नाकाच्या वर, कपाळात कुठंतरी, मधमाशी बसल्यागत घुमलं, मग छातीत घुमलं, आणि न्हाणीच्या कट्ट्यावरचा पालथा हंडा हळूच गुणगुणू लागला. मानेला हात लावून पाहिला. शिरा जागच्या जागी झोपल्या होत्या.

इथं मी काहीही वाढवून सांगत नाही. वाढवायची सवय असलेल्या माणसाला असं सांगताना किती जड जातं ते त्यालाच माहीत.

भिंतीपलीकडून आवाज आला, चरवीत धार पडल्याचा. एक, मग दुसरी, मग लागोपाठ. मी गुणगुणत राहिलो, धार पडत राहिली. बऱ्याच वेळानं भिंतीवर आक्काचं डोकं उगवलं.

"आज गळा बसलाय का रं तुझा?"

"न्हाय आक्का. सुटलाय."

"कायबी आसू दे. म्हशीनं पान्हा सोडलाय. उद्याबी असंच बस." आणि ती चरवी सावरत आत गेली.

मी उठलो तो तडक मास्तरांकडं. काखेत वखारीला न्यायचा भाकरीचा डबा, पायात एकच वहाण, दुसरी हातात. मास्तर संध्या आटोपून दारात बसले होते. बाजारच्या कानडीत, जिथं शब्द सापडला नाही तिथं हातवारे करून, मी त्यांना सगळं सांगितलं. बिडी म्हणजे मला काय वाटलं ते सांगितलं. तंबू सांगितला, काडी सांगितली, बादली डोक्यावर उपडी करून दाखवली. मास्तरांच्या भुवया वर वर चढत गेल्या, पण ते हसले नाहीत. एवढी अदब मी नंतर कुणात पाहिली नाही. मग मी आजच्या पहाटेचं सांगितलं. जांभई, हंडा, म्हैस. आणि शेवटी, श्वास लागलेला असताना, विचारलं, की कंपनी अजून बेळगावात आहे, दुपारची मोटार आहे, गळा आता सुटलाय, तर आप्पांच्या पाया पडून मी आजच्या आज परत जाऊ का? मालक परत ऐकतील का?

मास्तरांनी उठून माझ्या गळ्यावर दोन बोटं टेकवली. गळा पुन्हा दगडासारखा घट्ट झाला होता, ते मलाही कळलं. त्यांनी बोटं काढून घेतली, माझ्या काखेतल्या डब्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "बिडी."